घराला नावं ठेवताना

भिंतीवरचं चित्र उतरवून त्याने ओलीचा डाग मोकळा केला, दोन पावलं मागे सरकून पाहिला आणि समाधानाने मान डोलावली. मग स्वयंपाकघरातला नळ जरासा सैल करून टपटप सुरू करून दिली. कुणी यायचं म्हटल्यावर माणसं घर आवरतात. गोदामाच्या कारकुनीतून निवृत्त झालेला हा गृहस्थ सकाळपासून घर बिघडवत होता.

कारण साधं होतं. जमीन दुसऱ्याची, फ्लॅट भाडेपट्ट्यावरचा आणि पट्टा संपत आलेला. मुदत वाढवून घ्यायची, तर घर जितकं चांगलं ठरेल तितके जमीनमालकाला द्यायचे पैसे जास्त. साठवलेल्यात भागलं तर राहायचं, नाहीतर या वयात बोचकी बांधायची.

"तू फक्त नेहमीसारखं बोल," त्याने बायकोला बजावलं. "आयुष्यभर या घराला नावं ठेवलीस. आज त्याचं चीज होऊ दे."

"म्हणजे मी कटकटी आहे."

"अनुभवी म्हण."

किंमत ठरवायला पाहणीसाठी आलेली बाई त्यांच्या मुलीच्या वयाची निघाली. त्याने तिला थेट डागासमोर उभं केलं. तिथून नळापाशी.

"रात्रभर हे असंच. डोळ्याला डोळा लागत नाही," असं म्हणून त्याने बायकोला डोळ्यांनीच खूण केली. आता तुझी पाळी.

ती ओट्याला टेकून उभी होती. परक्यासमोर आपल्याच माणसाची कुणी चेष्टा केल्यावर व्हावा, तसा तिचा चेहरा झाला होता.

"तो डाग वरच्यांचा पाइप फुटला तेव्हाचा आहे," ती म्हणाली. "या इकडे. मी दाखवते घर."

नवऱ्याने खाकरून पाहिलं. उपयोग झाला नाही.

"इथे भिंत होती. दिवसभर भिंतीशी बोलावं लागतं म्हटलं, तर यांनी परवानगी काढून ती पाडली. ही फळी माझ्या हाताला येईल अशी बसवलीय. यांचं डोकं आपटतं रोज, पण काढत नाहीत. आणि हे खिडकीतलं बाकडं. इथे शिवायला बसलं ना, की टाके उसवायला लागले तरी राग येत नाही."

एकेका वाक्यासरशी नवऱ्याच्या मनातला आकडा वर चढत होता. शेवटी तो स्टुलावर टेकला.

"हे सगळं तुम्ही करून घेतलंत?" पाहणीवालीने विचारलं.

"करून कसलं घेतोय! यांनीच केलं, स्वतःच्या हातांनी."

"मग ते मला धरता येत नाही. तुमच्याच कष्टांचे पैसे तुमच्याकडून कसे घेणार? तुम्ही आलात तेव्हा जे होतं, तेवढ्याचीच किंमत."

तो स्टुलावरून ताडकन उठला.

"फरशीपण मीच बसवलीय," तो म्हणाला. "कपाटंही. सगळी!"

"आणि ही खिडकी?"

त्याने तोंड उघडलं. बायको बाकड्याच्या टोकाला बसली होती. उजेड तिच्या खांद्यावरून मांडीवर उतरला होता. आल्या दिवशी, सामान अजून जिन्यातच असताना, ती अशीच बसली होती, फक्त तेव्हा जमिनीवर.

"नाही," तो म्हणाला. "ती पहिल्यापासूनची. तिच्यासाठीच तर हे घर घेतलं. धरा ती."

पाहणीवालीने खिडकीचं माप घेतलं. निघताना ती दारात थांबली.

"आकडा तुम्हाला जड जाईल असं वाटत नाही. आणि काका, तो नळ आता आवळलात तरी चालेल."

दार लागलं. तो बायकोकडे वळला.

"एवढं आवडतं तुला हे घर? कधी बोलली नाहीस."

"बोलले असते, तर तुम्ही एक तरी खिळा ठोकला असता?"

त्याने जाऊन नळ आवळला. मग चित्र उचलून डागावर लावलं आणि मागे सरकून पाहिलं. चित्र अगदी सरळ होतं.

"किंचित तिरकं नाही वाटत?" ती बाकड्यावरून म्हणाली.

त्याने पुन्हा एकदा नीट पाहिलं.

"वाटतंय खरं," तो म्हणाला. "हातोडी कुठे ठेवलीय गं?"