पाणपोईवाल्या एकनाथरावांची मुलाखत

एकनाथरावांशी आपण एक शब्दही खोटं बोललो नाही, असं त्रिवेणी पुढे सगळ्यांना छातीवर हात ठेवून सांगायची. आणि ते खरंच होतं. खोटं बोलायची तिला गरजच पडली नाही.

सुलतान बाजारातल्या एका चिंचोळ्या कापडगल्लीत एकनाथरावांचं साड्यांचं दुकान आहे. त्यांचे आजोबा उदगीरकडची शेती भावाच्या हवाली करून हैदराबादला आले आणि कापडात रमले, ते कायमचेच. त्रिवेणी या दुकानात एकोणीस वर्षं कामाला होती. गिऱ्हाईक पायरी चढताना त्याच्या चपला बघून कुठल्या फळीवरची साडी काढायची ते तिला कळे, आणि तेलुगू, दखनी, मराठी अशा तिन्ही भाषांत ती सारख्याच गोडीने सांगे, "हा रंग तुम्हालाच शोभतो."

गल्लीत तिच्यासारख्या शंभरावर बायका कामाला. सकाळी दहा ते रात्री नऊ. आणि या शंभर बायकांसाठी गल्लीत एकही स्वच्छतागृह नव्हतं. प्रत्येक दुकानामागे मालकापुरता एक संडास होता, पण त्याला कुलूप, आणि किल्ली मालकाच्या खिशात. मेट्रो स्टेशनात सोय होती, पण जाऊन यायला अर्धा तास लागे आणि सुट्टी मिळे दहा मिनिटांची. राहता राहिलं कोपऱ्यावरचं चहाचं हॉटेल. तिथे आत जायचं तर चहा घ्यावा लागे, आणि चहा घेतला की तासाभराने परत तिथेच जायची पाळी! तेव्हा बायकांनी सोपा मार्ग काढला. सकाळी घरून निघताना घोटभर पाणी प्यायचं, आणि मग थेट रात्रीच. जळजळ व्हायची, ताप यायचा, डॉक्टर म्हणायचे, "दिवसाला तीन लिटर पाणी प्या." बायका माना डोलवायच्या.

एकनाथराव मनाने वाईट नव्हते. दिवाळीला साडी देत, कुणाच्या घरी दुखणंखुपणं असलं तर विचारपूस करत. गल्लीच्या व्यापारी संघाचे ते बारा वर्षं अध्यक्ष होते आणि कौतुकाचे मात्र भलते भुकेले. तीन उन्हाळ्यांपूर्वी त्यांनी गल्लीच्या तोंडाशी वडिलांच्या नावाने संगमरवरी पाणपोई बांधली. थंड पाणी, चार तोट्या, वर वडिलांचा फोटो. जाणारे येणारे, हमाल, ऑटोवाले पोटभर पाणी पिऊन दुवा देत. कामाच्या बायका मात्र तिच्याकडे न बघता पुढे जात.

त्रिवेणीच्या बहिणीची मुलगी प्रियदर्शिनी काचीगुड्याला तिच्याकडेच राहायची. विद्यापीठात सिनेमाचं शिकलेली, नोकरी न करता माहितीपट काढणारी. कॅमेरा मैत्रिणीचा, माईक उसना. एका रात्री जेवताना मावशीने भात चिवडत बाजारातली ही हकिगत सांगितली, आणि पोरगी हातातला घास तसाच ठेवून म्हणाली, "मावशी, माझी पुढची फिल्म हीच."

चार महिने ती गल्लीत हिंडली. बायकांनी सुरुवातीला पदराआड तोंड लपवलं, मग एक बोलली, मग सगळ्याच बोलल्या. फिल्मचं नाव ठरलं 'पानी कौन पीता'. एकच गोष्ट अडली. व्यापारी संघाचं कुणी बोलायला तयार होईना. "मालकांची बाजू नसली तर फिल्म एकांगी होते," प्रियदर्शिनी म्हणाली. "आणि मावशी, फसवून मुलाखत घ्यायची नाही हं. संमतीपत्रावर सही लागते."

"कशाला फसवायचं?" त्रिवेणी म्हणाली. "उद्या ये दुपारी."

दुसऱ्या दिवशी दुपारी गिऱ्हाईक नव्हतं. त्रिवेणी साड्यांच्या घड्या घालता घालता म्हणाली, "शेठ, माझी भाची आपल्या गल्लीवर फिल्म काढतेय. सरकारी टीव्हीला पाठवणार आहे."

"मला ते क्यामेरा-बिमेरा नक्को," एकनाथराव पेपरातून मान न काढता म्हणाले. "कशावर आहे?"

"पाण्यावर."

पेपर खाली आला. "पाण्यावर? म्हणजे पाणपोई आहे त्यात?"

"हौ तर. पाणपोई पहिल्याच दृश्यात आहे."

हे शब्दशः खरं होतं. एकनाथरावांनी ताबडतोब गल्ल्यातून कंगवा काढला.

प्रियदर्शिनीने संमतीपत्र पुढे केलं. एकनाथराव छोट्या आरशात मिशी बसवत होते. "त्रिवेणी, तू वाच गं मोठ्याने. माझे हात गुंतलेत." त्रिवेणीने वाचलं, शब्द न् शब्द वाचला. विषय, बाजारात काम करणाऱ्या स्त्रियांसाठी पिण्याचं पाणी आणि स्वच्छतागृहांचा अभाव. पाण्याशी ती जरा रेंगाळली आणि पुढचं तिने आगगाडीच्या वेगाने वाचलं, एवढंच.

"बस बस," एकनाथराव म्हणाले. "कुठे करायची सही?"

वीस मिनिटं ते पाणपोईवर बोलले. संगमरवर कुठून आणला, उद्घाटनाला कोण कोण आलं. मग प्रियदर्शिनीने सरळ विचारलं, "आणि काका, गल्लीत बायकांसाठी स्वच्छतागृह का नाही?"

एकनाथराव हसले. "बायकांना कैकू पाहिजे? गिऱ्हाईक येतं घंटाभरासाठी. आणि कामाच्या बायकांना सवय आहे. बायकांचं शरीरच तसं असतं, मजबूत. आमच्या त्रिवेणीला विचारा, एकोणीस वर्षांत एकदा तक्रार नाही केली." मग हात हलवून म्हणाले, "हे कापून टाक. पाणपोईचं ठेव."

"कापायचं काय, ठेवायचं काय, ते मी ठरवणार, काका," ती म्हणाली. "तसं कागदात लिहिलंय."

"हौ, हौ. तू हुशार आहेस." त्यांचं लक्ष कॅमेरा उतरवून पाणपोईकडे नेतात की नाही इकडे होतं.

फिल्म पूर्ण झाली. सरकारी वाहिनीवर स्वतंत्र माहितीपट दाखवायचा एक कार्यक्रम होता. तिथल्या समितीने पाच महिने फाईल फिरवली, दोनदा तोच अर्ज मागितला, आणि अखेर पत्र आलं. शनिवारी, दुपारी तीन वाजता, अठ्ठावीस मिनिटं.

पत्र वाचून प्रियदर्शिनी हिरमुसली. "शनिवारी दुपारी तीनला सरकारी टीव्ही कोण बघतं गं मावशी?"

"तू नको काळजी करू," त्रिवेणी म्हणाली. "बघणारे मी आणते."

आणायचं म्हणजे तिने फक्त तारीख सांगितली. एकनाथरावांना, गिऱ्हाइकासमोर. "शेठ, शनिवारी तीन वाजता तुम्ही टीव्हीवर दिसणार." पुढचं सगळं शेठनीच केलं. दोन दिवसांत गल्लीच्या तोंडाशी फलक लागला, मराठी, तेलुगू आणि हिंदीत, 'आपल्या गल्लीचा गौरव', बाजूला त्यांचा हसरा फोटो. मेहुण्याच्या दुकानातून भिंतीएवढा टीव्ही आला. मांडव, खुर्च्या, दोनशे लाडू. शेजारच्या दोन गल्ल्यांच्या अध्यक्षांना हाताने लिहिलेली निमंत्रणं. दुकानांतल्या सगळ्या बायकांना अर्धा तास सुट्टी, हे तर त्यांनी संघाच्या बैठकीत ठराव करून मंजूर केलं.

शुक्रवारी संध्याकाळी मात्र त्रिवेणीच्या साड्यांच्या घड्या चुकू लागल्या. एकोणीस वर्षांची नोकरी. माणूस मनाने वाईट नाही. त्यांना आताच एकट्यात सांगून टाकावं का? ती गल्ल्याजवळ गेलीसुद्धा. "शेठ, त्या फिल्ममध्ये तुम्ही बायकांबद्दल बोललात ना, तेही आहे हं."

"असू दे, असू दे," एकनाथराव उदार होऊन म्हणाले. "चांगलंच बोललो असेन."

तिने पर्स उचलली आणि घरी गेली.

शनिवारी तीनला मांडव भरून वाहत होता. पडद्यावर पाणपोई दिसताच टाळ्या पडल्या. एकनाथराव पहिल्या खुर्चीत, फेटा बांधून. मग एक हमाल पाणी पिताना दिसला, एक ऑटोवाला, एक शाळकरी पोरगा. मग एक बाई पाणपोईजवळून न थांबता गेली. मग दुसरी. मग सलग बारा बायका. मागे बायकांच्या रांगेत हळूच खसखस पिकली. नंतर त्या एकेक करून पडद्यावर बोलू लागल्या. चहाच्या हॉटेलचा किस्सा आला तेव्हा सगळा मांडव हसला, एकनाथरावही हसले. मग संडासांची कुलपं दिसली, एकामागून एक, पितळी, लोखंडी, आकड्यांची. हसू थांबलं. आणि मग पडदाभर एकनाथरावांचा चेहरा आला.

"बायकांना कैकू पाहिजे? बायकांचं शरीरच तसं असतं, मजबूत."

मग मागून कुणीतरी म्हातारी फस्‌कन हसली, आणि ते हसू मांडवभर असं पसरलं की पुढची चार वाक्यं ऐकूच आली नाहीत. शेजारच्या गल्लीच्या अध्यक्षांनी लाडू तोंडात कोंबून हसू दाबलं आणि त्यांना जबरदस्त ठसका लागला. एकनाथराव फेटा सावरत उठले, त्रिवेणीकडे एकदा बघितलं आणि दुकानात जाऊन बसले.

त्यांनी तिला नोकरीवरून काढलं नाही. बोलणं मात्र बंद केलं. त्रिवेणीला काही सांगायचं झालं तर ते गिऱ्हाइकाच्या मार्फत सांगत. "अम्मा, त्यांना म्हणा, वरच्या फळीवरची हिरवी काढा." बिचारं गिऱ्हाईक इकडून तिकडे बघत बसे.

हे असंच चाललं असतं. पण फिल्म एकनाथरावांच्या बायकोनेही घरी बसून पाहिली होती. प्रमिलाबाई तशा दुकानात वर्षातून एकदा, लक्ष्मीपूजनाला येत. त्या आठवडाभराने, सोमवारी सकाळी दहालाच ऑटोतून उतरल्या, गादीवर बसल्या आणि नवऱ्यापुढे हात केला.

"किल्ली द्या."

"कसली किल्ली?"

"तुम्हाला ठाऊक आहे कसली."

किल्ली प्रमिलाबाईंच्या कमरेच्या बटव्यात गेली. "आज तुम्ही नऊ वाजेपर्यंत माझ्यासमोर बसायचं," त्या म्हणाल्या. "मागच्या भिंतीकडे जायचं नाही, घरी यायचं नाही. बघू शरीर कोणाचं मजबूत आहे. त्रिवेणी, शेठना चहा मागव."

"नक्को," एकनाथराव म्हणाले.

"मागव. गरमी आहे, ताकही मागव."

अकरापर्यंत एकनाथराव ऐटीत बसले. बाराला त्यांनी मांडी बदलली. साडेबाराला एक नवरीकडचं मोठं गिऱ्हाईक आलं. त्यांना बारा साड्या घ्यायच्या होत्या, आणि शेठ त्यांना भाव सांगताना एका पायावरून दुसऱ्या पायावर असे डोलत होते की नवरीच्या आईने विचारलं, "अय्या, बरं वाटत नाही का?" त्रिवेणीने साडी तोंडासमोर धरली. तिला हसू आवरत नव्हतं आणि त्याच वेळी कणवही येत होती, कारण हे डोलणं तिला आतून ठाऊक होतं.

एक वाजायला दहा मिनिटं असताना एकनाथराव बायकोकडे वळून हळू आवाजात म्हणाले, "प्रमिला, दे."

"मला नका मागू. ज्यांना एकोणीस वर्षं दिली नाहीत त्यांच्याकडे मागा." आणि त्यांनी किल्ली त्रिवेणीच्या हातात ठेवली.

आता दुकानात सगळे त्रिवेणीकडे बघत होते. नवरीची आईसुद्धा. त्रिवेणीला वाटलं, दोन मिनिटं थांबवावं. एकोणीस वर्षांत दोन मिनिटं काय जास्त झाली? पण माणूस घामाघूम झाला होता. तिने किल्ली पुढे केली.

"घ्या, शेठ. पण परत आणून इथे खिळ्याला लावा. सगळ्यांना दिसेल अशी."

एकनाथराव किल्ली घेऊन ज्या वेगाने मागे गेले तो वेग त्यांच्या वयाला शोभणारा नव्हता. परत आले तेव्हा त्यांनी स्वतः खिळा ठोकला. आणि तिथल्या तिथेच, फिल्मनंतर पहिल्यांदा, सरळ त्रिवेणीशी बोलले, "ती हिरवी काढ."

एका खिळ्याने शंभर बायकांची सोय होत नाही. पण अध्यक्षांच्या दुकानात खिळा लागला म्हटल्यावर बाकीच्यांनाही किल्ल्या खिशात ठेवणं अवघड झालं. प्रमिलाबाई संघाच्या बैठकीला येऊन बसू लागल्या, आणि त्या बसल्या की बैठक लांबत नसे. मागच्या बाजूचं एक पडकं गोदाम मिळालं, महापालिकेचे चार खेटे झाले, आणि सात महिन्यांनी तिथे बायकांसाठी चार स्वच्छतागृहं उघडली. उद्घाटनाला एकनाथराव फेटा बांधून हजर होते आणि भाषणात, ही कल्पना आपल्याला फार पूर्वीच सुचली होती, असं त्यांनी सांगितलं. प्रमिलाबाई खाकरल्या, तेव्हा भाषण संपलं.

गेल्या आठवड्यात बेगम बाजारातल्या मसाल्याच्या दुकानांत काम करणाऱ्या दोन बायका दुकानात आल्या. तासभर साड्या बघितल्या, एकही घेतली नाही. शेवटी एकीने इकडे तिकडे बघत विचारलं, "ते फिल्मवाली पोरगी तुमचीच ना? आमचे अध्यक्ष क्यामेऱ्यासमोर येतच नाहीत हो."

त्रिवेणी साडीची घडी घालत होती. तिने एकनाथराव ऐकत नाहीत ना ते पाहिलं.

"त्यांना हौस कशाची आहे?" तिने विचारलं.

"गायची. भजनं म्हणतात, फार बेसूर."

"बसा," त्रिवेणी म्हणाली, "चहा सांगते."