जेझेबेलचं टोचन

शर्यतीची गाडी वाहून नेणाऱ्या ट्रेलरचा आस शनिवारी सकाळी साडेआठला मोडला, आणि ओडेल स्ट्रिकलंड अंगणातच मटकन खाली बसला.

"संपलं," तो म्हणाला.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी पुढच्या मोसमाला साफ नाही म्हटलं होतं. सोमवारी टेनेसीहून माणूस येऊन शर्यतीची गाडी घेऊन जाणार होता. म्हणजे पाव मैलाच्या शर्यतपट्टीवरची त्याची शेवटची धाव आजच. त्यात शर्यतीआधीची गाड्यांची तपासणी अकराला बंद. तपासनीस डॉयल फिगिन्स अकरा वाजून एक मिनिटानं सख्ख्या आईलाही आत घेणारा नव्हता.

गाडी भडक नारिंगी होती, आणि दारावर हातभर अक्षरांत लिहिलं होतं 'जेझेबेल'. बायबलातल्या त्या नाठाळ राणीचं नाव त्याच्या बायकोनं, लुरलीननं, एकोणीस वर्षांत तोंडातून काढलं नव्हतं. ती आपली 'तुमची ती' म्हणे. त्यामुळे चर्चमधल्या बायकांचे काय काय गैरसमज होत, ते वेगळंच.

"नऊ मैल तर आहे," लुरलीन हळूच म्हणाली. "दोर बांधा. मी पिकअपनं टोचन करते."

ओडेल हेल्मेट घालून मागे जेझेबेलमध्ये बसला. तिला ना रस्त्यावर चालायचा परवाना, ना हॉर्न, ना दिवे. म्हणून ठरलं असं, की त्यानं ब्रेक दाबून दोराला एक हिसका दिला तर हळू, दोन दिले तर थांब. लुरलीननं सावधगिरी म्हणून भरदिवसा पिकअपचे दिवे लावले आणि देवाचं नाव घेऊन निघाली.

चौथ्या मैलावर समोरून प्रेतयात्रा आली. लुरलीन रिवाजाप्रमाणे कडेला थांबली. काळी गाडी गेली, मागून दिवे लावलेल्या मोटारी, एक, दोन, दहा, तीस. गावची निम्मी माणसं असावीत. ती रांग पुढच्या फाट्यावर वळून पट्टीच्याच रस्त्याला लागली. मग एका सभ्य गृहस्थानं लुरलीनचे लागलेले दिवे पाहिले, तिलाही प्रेतयात्रेतलीच समजून आपली गाडी थांबवली आणि डोक्यावरची टोपी काढून 'या, तुम्ही पुढे व्हा' असा हात केला.

आता अशा माणसाला नाही कसं म्हणायचं? ती रांगेत शिरली. मागून आणखी वीस गाड्या आल्या.

रांगेचा वेग ताशी वीस मैल. दोराला हिसका बसला. मग दोन. मग सात. 'प्रेतयात्रेला मागे टाक' यासाठी खूण ठरलेलीच नव्हती, आणि असती तरी लुरलीननं ती पाळली नसती. चौकातल्या पोलिसानं लाल दिव्यातून त्यांना पुढे काढलं. जेझेबेल समोरून जाताना त्यानं सलाम ठोकला, तो हात बराच वेळ तसाच राहिला. आत हेल्मेटवाला माणूस दोन्ही हातांनी 'नाही, नाही' करत होता. रस्त्याकडेची एक म्हातारी डोळे पुसत म्हणाली, "बिचारा, दुःखानं वेडा झालाय."

कब्रस्तानाच्या फाटकाशी स्वयंसेवकानं बाण दाखवला तशी लुरलीन आत वळली. दहा पंचवीस झाले होते.

"अगं बाई, कुठं आणलंस?" ती उतरून मागे येताच ओडेल खिडकीतून कुजबुजला.

"बॅगवेलकाकांची दिसतेय," ती म्हणाली. "आता आलोच आहोत, तर उतरा. आणि ते डोक्यावरचं काढा."

कर्टिस बॅगवेल यांनी चाळीस वर्षं शाळेची बस चालवली होती, आणि ती कधी विसाच्या वर गेली नव्हती. लुरलीननं परवाच त्यांच्या घरी कोंबडी-भाताचं भांडं पोचवलं होतं आणि सांगितलं होतं, ओडेलला काम आहे, शनिवारी जमणार नाही. आता बॅगवेलबाई काळ्या जाळीआडून आधी तिच्याकडे बघत होत्या, मग जेझेबेलकडे.

"आलात!" त्या म्हणाल्या. "आणि काम पण बरोबर घेऊन आलात."

लुरलीनचे कान तापले.

पाद्रीबुवांची प्रार्थना सुरू झाली. बुवा बसच्या पहिल्या फेरीपासून निघाले आणि एकेका थांब्यावर थांबत चालले. जन्मात पहिल्यांदा लुरलीननं प्रार्थनेत एक डोळा उघडून घड्याळ पाहिलं. दहा सदतीस. ओडेलचे ओठ हलत होते, पण ती प्रार्थना नव्हती हे तिला ओळखू आलं. त्याच्या बाजूनं देवाकडे तिनंच शब्द टाकला, आणि तोही थोडक्यात.

'आमेन' झाल्यावर शवपेटी खाली सोडणाऱ्या सहांपैकी एक जण पांढरे हातमोजे काढत थेट त्यांच्याकडे आला. डॉयल फिगिन्स!

"तू इथं?" ओडेल म्हणाला.

"पहिली ते आठवी काकांच्याच बसनं गेलो. येऊ नको?" डॉयलनं मनगट पाहिलं. "दहा एकावन्न. अकराला तपासणी बंद, स्ट्रिकलंड."

"ठाऊक आहे रे. आता कुठला पोचतोय मी!"

"तपासणी कोण करतो?"

"तू."

"मग मी आहे तिथं तपासणी आहे. बॉनेट उघड."

डॉयलनं काळा कोट बॅगवेलबाईंच्या हाती दिला. पट्टे ओढून पाहिले, बॅटरी हलवली, आग विझवायचं नळकांडं पाहिलं, मग थडग्यांमध्ये गवतावर आडवा होऊन गाडीखाली शिरला. शोक करायला आलेली मंडळी भोवती गोळा झाली. एक म्हातारा म्हणाला, "तेल गळतंय का रे?" पाद्रीबुवाही वाकले.

"नाही गळत," खालून उत्तर आलं. "वेळ?"

"अकराला एक मिनिट कमी," बॅगवेलबाई म्हणाल्या. "आवर, डॉयल. आमच्या ह्यांना पहिल्यापासून उशिराचा राग."

डॉयलनं खिशातून बुटांचं पांढरं पॉलिश काढलं आणि काचेवर तपासणी पास झाल्याचा नंबर लिहिला.

दुपारी एकला ओडेल पट्टीवर उभा राहिला. दिव्यांच्या खांबावर पिवळे एकेक लागले, आणि हिरवा लागायच्या आतच जेझेबेल सुटली. लाल! म्हणजे शर्यत तिथंच हरली. तरी ती थांबली नाही. कानठळ्या बसवत पाव मैल पुरा करूनच थांबली. कुंपणाशी लुरलीन कानांवर हात ठेवून उभी होती. डोळे मात्र उघडे होते.

"हिरवा तरी लागू द्यायचा होतात!" तो परत आल्यावर ती म्हणाली. "एवढी कसली घाई?"

"सकाळभर तू विसानं ओढलंस," ओडेलनं हेल्मेट काढलं. केस घामानं चिकटले होते आणि तोंडभर हसू होतं. "पाय ऐकेचना. पण पुरा गेलो ना?"

"गेलात."

"मग झालं तर."