मिस्त्रीने मूठ बसवलेली घंटी

मित्रांनो, मी एक जुनी पितळी घंटी आहे. मिस्सेच्या, म्हणजे चर्चमधल्या उपासनेच्या वेळी फादर वेदीवर पवित्र भाकर उंचावतात, तेव्हा मी वाजते. नवी होते तेव्हा माझा आवाज ऐकून चर्चमधली रडकी बाळंसुद्धा गप्प व्हायची. पुढे माझी लाकडी मूठ तुटली, नवी चकचकीत घंटी आली आणि माझी रवानगी मेणबत्त्यांच्या कपाटात झाली.

तिथून मला बाहेर काढलं आमच्या चर्चमधल्या एका बाईंनी. दर रविवारी त्या फादरांबरोबर कैद्यांच्या मिस्सेसाठी तुरुंगात जायच्या. म्हणाल्या, "चल गं, तुला नवे श्रोते दाखवते."

पहिल्याच मिस्सेत फजिती झाली. फादरांनी भाकर उंचावली, बाईंनी मला वाजवलं आणि गुडघे टेकलेले सगळे कैदी ताडकन उठून रांगेत उभे! तुरुंगात घंटा म्हणजे मोजणी. शिपाईही धावत आला आणि मोजू लागला. फादरांचे हात आपले वरच!

"माफ करा, बाई," एक सुतार म्हणाला. त्याला सगळे मिस्त्री म्हणत. "घंटा झाली की पाय आमचं ऐकत नाहीत."

बाईंना हसू आवरेना. मिस्सा संपल्यावर मात्र त्यांनी विचारलं, "मिस्त्री, रोज तुम्हाला मोजतात. तुमची वर्षं कुणी मोजली का?"

कुणीच मोजली नव्हती. चोरीच्या आरोपाखाली तो आत आला होता. आरोप खरा ठरला असता तरी जेवढी शिक्षा झाली असती, तिच्याहून जास्त काळ त्याने आत काढला होता. खटला मात्र उभाच राहिला नव्हता.

बाई कोर्टाचे उंबरठे झिजवू लागल्या. चर्चच्या सभेत बजावायच्या, "नुसती प्रार्थना करून जेवायला पळू नका. अशांचे खटले आधी चालवा, म्हणून मागणी करा." मिस्त्रीने तुरुंगातल्या सुतारशाळेत मला नवी मूठ बसवली. म्हणाला, "बाई, तुम्ही माझ्या सुटकेला लागलात, मी हिच्या डागडुजीला."

पण सुटका पाहायच्या आत बाई गेल्या. मी फळीवर काळवंडत पडले. एके दिवशी त्यांच्या लेकीने मला उचललं. मुठीवर आईच्या अंगठ्याने गुळगुळीत झालेल्या जागी तिने आपला अंगठा टेकवला. मग मला लख्ख घासलं आणि आईची राहिलेली पायपीट सुरू केली. चर्चमधली माणसंही तिच्याबरोबर निघाली. अखेर कोर्टाने असे रखडलेले खटले आधी घेतले. मिस्त्री सुटला!

त्या सकाळी फाटकाबाहेर लेकीने मला जोरात वाजवलं. आणि काय सांगू! मिस्त्री हात खाली सोडून भिंतीलगत ताठ उभा!

"अहो मिस्त्री," आतून शिपाई ओरडला, "तुमची मोजणी संपली. घरी जा!"

मिस्त्री हसला. लेकही पोट धरून हसली, आईसारखीच.

मित्रांनो, घरात एखादी जुनी वस्तू काळवंडली असेल, तर तिला घासूनपुसून ठेवा. आणि कुलपाआड राहून गेलेल्या माणसांचीही विचारपूस करा. रांगेत अजून पुष्कळ जण आहेत. माझी मूठ भक्कम आहे, रविवारी मला जायचंय.