इडोनियाचं वय

आमच्या स्कारबीच्या सर यूस्टसची पोर इडोनिया सोळा वर्षांची झाली की नाही, हे ठरवायला राजाचा अंमलदार लिंकनहून आला, तेव्हा बारा पंचांत माझं नाव होतं आणि माझ्या बहिणीच्या नवऱ्याचं, सेवलचंही.

सर यूस्टसची जमीन थेट राजाकडून मिळालेली. असा माणूस मागे लहान वारस ठेवून गेला, की जमीन आणि पोर दोन्ही राजाच्या ताब्यात जातात, आणि राजा ते पालकत्व कुणाला तरी विकून मोकळा होतो. इडोनियाला आई आधीच नव्हती. तिचं पालकत्व सर वॉरिनने घेतलं. त्याने पोरीला आपल्या गढीत नेऊन ठेवलं, आमच्या रानातले जुने ओक आडवे केले आणि आपल्या पुतण्याशी तिचं लग्न लावायचा घाट घातला. पुतण्या दोनदा बायको पुरलेला, वर घोड्याला चाबकाने मारत सुटायचा. पोर ऐकेना. सोळा पूर्ण झाली की जमीन तिची आणि ती वॉरिनच्या हाताखालून मोकळी. म्हणून तिने राजाच्या दरबारी अर्ज धाडला की मी सोळाची झाले. वॉरिनने उलट कळवलं, अजून पंधराचीच आहे. मधलं एक वर्ष त्याला पुरलं असतं.

तिचा बाप्तिस्मा करणारे पाद्रीबाबा त्यानंतर थोड्याच दिवसांत साथीत गेले होते. त्या वर्षी कोण आलं, कोण गेलं, हे लिहून ठेवायला कुणी उरलंच नव्हतं. त्यामुळे आम्ही बाराजण काय सांगतो, तेच आता राजाच्या दप्तरात लिहिलं जाणार होतं. नुसतं ‘पोर सोळाची आहे’ म्हणून भागत नाही. तुला कसं आठवतं, हे शपथेवर सांगावं लागतं. कुणाचा बैल मेलेला असतो, कुणाचं लग्न झालेलं असतं. आपापल्या दुःखा-सुखाच्या खुंटीला दुसऱ्याच्या पोरीचा जन्म बांधून दाखवायचा.

कसं नि केव्हा निघायचं हे ठरवायला मी सेवलकडे गेलो. तो अंगणात चाकाचे आरे तासत बसला होता. माझी बहीण हावीस उंबऱ्यात वाटाणे सोलत होती. दोघांच्या मधल्या हवेवरूनच मला कळलं, की विषय निघून गेलाय.

“येईन मी,” सेवल मान वर न करता म्हणाला. “बोलावलंय तर यावं लागेल. आठवत नाही म्हणून सांगेन.”

“आठवत नाही तुला?” हावीसने विचारलं.

“नाही.”

“मग मला बरं आठवतं!”

“मग तूच जा की साक्षीला.”

“मला विचारतंय कोण?” तिने शेंगांचं भांडं बाजूला सारलं. “जिने अंगावर पाजलं तिला विचारायचं नाही, आणि ज्याने पोरीचं तोंड धड पाहिलं नाही त्याची साक्ष राजाला पाहिजे. राजा तरी कोण? दहा वर्षांचं लेकरू. त्याच्या नावाने दुसऱ्यांची वयं मोजत फिरतायत. हेमो, हसू नकोस, तूही त्यातलाच.”

मी हसत नव्हतो. सेवलने तासणी खाली ठेवली आणि तो मागच्या दाराने निघून गेला.

त्या दोघांची गोष्ट सगळ्या गावाला ठाऊक होती आणि कुणीच ती काढत नसे. मोठी मरी येऊन गेल्यावर बारा-तेरा वर्षांनी दुसरी साथ आली, ती जास्त करून पोरांवर. त्या उन्हाळ्यात गल्लीत खेळणारं मूल दिसेना. सेवल आणि हावीसची मुलगी, नुकती बसायला लागलेली, ती सेंट मॅथ्यूच्या सणाच्या सुमाराला, शरद लागताना गेली. पुरून परत येताना चर्चच्या दारात त्यांना सर यूस्टसची माणसं भेटली. हातात मशाल, पाण्याचं पात्र, टॉवेल, आणि दुपट्यात गुंडाळलेली इडोनिया. दूध पाजायला ठरवलेली दाई आदल्या दिवशीच मेली होती. साथीच्या घरातली बाई एरवी कोणी दारात उभी केली नसती, पण छातीत दूध असलेली दुसरी गावात उरली नव्हती. कारभाऱ्याने तिथेच हावीसला विचारलं. आणि ती गेली. घरीही न जाता, हाताची माती तशीच घेऊन.

ती परतली तेव्हा इडोनिया चालायला लागली होती. सेवल एक शब्दही बोलला नाही. भांडला असता तर बरं झालं असतं. त्याने मेलेल्या मुलीचं नाव पुन्हा कधी घेतलं नाही आणि सर यूस्टसच्या गढीकडचा रस्ता सोडला. तिकडे चाक मोडलं तर म्हणायचा, इकडे आणा. पुढे त्यांना मूल झालं नाही.

साक्षीच्या दिवशी आम्ही पहाटेच्या धुक्यातच बाजारगावच्या चर्चला निघालो. हावीसही आली. “बाहेर तर उभी राहीन,” म्हणाली. सेवल पुढे, ती मागे, आणि मी दोघांच्या मधे, कुणाशी काय बोलावं हे न सुचून पावसापाण्याच्या गप्पा एकटाच मारत.

अंमलदार म्हातारा होता. सर्दीने नाक लाल झालेलं, पायाशी निखाऱ्यांची शेगडी. शेजारी त्याचा कारकून, मांडीवर चामड्याचा पट घेऊन. आम्ही आमच्या भाषेत बोलायचं आणि त्याने ते लॅटिनमध्ये उतरवायचं. एका बाजूला वॉरिन आणि त्याचा वकील. दुसऱ्या बाजूला इडोनिया, एकटी. अंगातला झगा कुणाचा तरी उतरवलेला असावा, बाह्या आखूड होत्या. पण ताठ उभी होती.

माझी पाळी तिसरी. मी शपथ घेऊन सांगितलं, “साहेब, मी छपरं शाकारतो. ही पोर जन्मली त्या आठवड्यात मी गढीच्या तबेल्याच्या छपरावरून पडलो आणि पाय मोडला. पडलो तो सरळ खताच्या ढिगावर, म्हणून जीव वाचला. बायको म्हणाली, पाय बरा होईल, पण वास काही नाताळच्या मेजवानीपर्यंत जायचा नाही.”

लोक हसले. अंमलदारही शिंकता शिंकता हसला. इडोनियालाही हसू आलं आणि तिने ते लपवायला उलटा तळहात तोंडावर धरला, कोपर वर काढून. माझी बहीण लहानपणापासून अगदी तशीच हसते. आमच्या घरात दुसरं कुणी तसं हसत नाही. मी सेवलकडे पाहिलं. तो त्या पोरीकडे बघत होता.

वकील उठला. “छपरं शाकारणाऱ्या, सेंट मॉरच्या दिवशीचं मोठं वादळ आठवतं?”

“आठवतं म्हणजे काय! गावातलं एक छप्पर जागेवर राहिलं नाही.”

“मग त्यानंतर तुला काम भरपूर मिळालं असेल.”

“वर्षभर खाली उतरलोच नाही, साहेब.”

“छान. म्हणजे वर्षभर छपरांवर होतास, आणि तेव्हाच पडलास. वादळ झालं साथीनंतरच्या हिवाळ्यात. म्हणजे पोर जन्मली त्याच्या पुढच्या शरदात. पंधराची झाली.”

“नाही, मी आधी पडलो...”

“आधी म्हणजे कधी? छपरावरून कितीदा पडलास आयुष्यात?”

“तीनदा,” मी म्हणालो, आणि पुन्हा हशा पिकला. पण या वेळी वॉरिनही हसत होता. मला पक्कं ठाऊक होतं, त्या मोडलेल्या पायामुळे वादळाच्या वेळी माझ्या हातात अजून काठी होती. पण ते बोलायच्या आत कारकुनाने मला बसायला सांगितलं होतं.

माझ्यानंतरच्यांचंही तसंच झालं. एकाचं लग्न वादळाआधीचं की नंतरचं, त्यालाच सांगता येईना. एकाने बैल घेतल्याचं सांगितलं, तर वकिलाने त्याला वेगवेगळ्या वर्षी घेतलेले तीन बैल मोजायला लावले. इडोनियाचा चेहरा उतरत चालला. तिने एकदा दाराकडे पाहिलं. हावीस बाहेर भिंतीला टेकून उभी होती, आत यायची तिला परवानगी नव्हती.

मग सेवलचं नाव पुकारलं.

त्याने बायबलवर हात ठेवला. कारकुनाने दोनदा विचारलं, “काही आठवतं का तुला?”

मी मनात म्हटलं, संपलं.

“मी त्या दिवशी आमच्या गावच्या चर्चमध्ये होतो,” सेवल म्हणाला. आवाज इतका खालचा, की अंमलदाराने कानाला हात लावला. “बाप्तिस्म्याला नव्हतो. माझ्या मुलीला पुरायला आलो होतो.”

“कशाने गेली?” वकिलाने विचारलं.

“साथीने.”

“पोरं काय, दरवर्षीच मरतात. तापाने मरतात, विहिरीत पडून मरतात...”

“दरवर्षी मरतात,” सेवल म्हणाला, “पण बाप एकटाच खड्डा खणतोय, कारण खणणाराही गेलाय, असं दरवर्षी होत नाही. शेजारी नऊ खड्डे उघडे असतात, असं दरवर्षी होत नाही. साहेब, तुम्ही त्या वर्षी कुठे होता मला माहीत नाही. पण जिथे होता तिथे पोरं असतीलच.”

अंमलदाराने शेगडीवरचे पाय खाली घेतले. “माझे दोघे गेले,” तो म्हणाला. “त्याच वर्षी. पुढे बोल.”

“दारात ही पोर घेऊन माणसं आली. पाद्रीबाबांनी हात धुवायला पाणी मागितलं, पण पात्रातलं पाणी बाप्तिस्म्याचं होतं, ते कुणी देईना. मग त्यांनी तसेच हात झटकले. माझ्या मुलीला दिलेली माती लागलेल्या हाताने त्यांनी रीतीप्रमाणे हिच्या जिभेवर मीठ ठेवलं. ही रडली. माझी बायको तिथेच थांबली, आणि हिच्याबरोबर गेली. मी घरी गेलो.” तो थांबला. “वादळ आलं तेव्हा मी घरात एकटा होतो. छप्पर उडालं ते मी एकट्याने पाहिलं, कारण हावीस हिला पाजायला गढीत होती. पोर वादळानंतर जन्मली म्हणता, तर मग त्या हिवाळ्यात माझी बायको कुणाला पाजत होती?”

वकिलाने वॉरिनकडे पाहिलं, वॉरिनने जमिनीकडे.

कारकुनाने लिहिलं आणि रिवाजाप्रमाणे वाचून दाखवलं: चाकं करणारा सेवल, वय पन्नास व अधिक, शपथेवर सांगतो की इडोनिया वर सांगितल्या दिवशी जन्मली, हे त्यास ठाऊक, कारण त्याच दिवशी त्याची एक मुलगी पुरली गेली.

“एक मुलगी नाही,” सेवल म्हणाला. “सबीना.”

“नावाची गरज नसते,” कारकून म्हणाला. “तिच्या नावावर काही जमीन नाही. साक्ष तुझी आहे.”

“मी सोळा वर्षांनी घेतलंय ते नाव. मला ते गाळायचं नाहीये.”

कारकुनाने अंमलदाराकडे पाहिलं. “जागा नाही राहिली हो ओळीत.”

“वर लिही. बारीक अक्षरात लिही,” म्हातारा म्हणाला आणि नाक पुसत दुसरीकडे बघत बसला.

आम्ही बाराजणांनी खाली मेणात शिक्के लावले. ज्यांच्याकडे शिक्का नव्हता त्यांनी मिळेल ते दाबलं. मी छपराच्या खुंटीचं टोक दाबलं. पट गुंडाळून, दोरी बांधून लंडनला गेला.

बाहेर हावीसला आधीच कुणीतरी सगळं सांगितलं होतं. आम्ही पुलापर्यंत आलो. मग सेवल एकाएकी म्हणाला, “रोज संध्याकाळी ती तासणीच्या आवाजाकडे मान वळवायची. आठवतं?”

“तासणीच्या नाही,” हावीस म्हणाली. “तू शीळ घालायचास ना, तिच्याकडे.”

“मी कधी शीळ घालायचो?”

“घालायचास. बेसूर.”

मी बुटाची दोरी बांधायच्या निमित्ताने मागे राहिलो, आणि ते फार पुढे जाईपर्यंत बांधतच बसलो. त्यांच्या बोलण्याचा आवाज कुंपणापलीकडून येत होता. मधेच हावीस रडली. मग पुन्हा बोलायला लागली.

इडोनियाला जमीन मिळाली, पण हुकूम यायला वसंत उजाडला. वॉरिनने जाता जाता गिरणीची पाती काढून नेली आणि उरलेसुरले ओकही. तोडलेलं रान काही हुकुमाने उगवत नाही. पोर आपल्या घरी आली ती रिकाम्या कोठारांत आणि गळक्या छपरांखाली. पहिलं काम तिने मलाच दिलं. पैसे लगेच देता यायचे नाहीत, हे आधीच सांगून टाकलं.

आल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ती सेवलच्या घरी गेली. मी तिथेच, गोठ्याच्या छपरावर होतो. हावीस झऱ्यावर गेलेली. सेवल लोखंडी धाव तापवून चाकावर चढवत होता, एकटाच, जे दोघांचं काम आहे. इडोनिया फाटकात उभी राहिली. आत यावं की नाही हे तिला कळेना.

सेवलने एकदा वर पाहिलं. “ती येईल इतक्यात,” तो म्हणाला. मग धूर डोळ्यांत गेल्यामुळे तोंड फिरवून, “तो चिमटा धर त्या बाजूने. बाही वर कर आधी, भाजशील.”

तिने बाही वर केली आणि चिमटा धरला.