क्रिडलच्या खिशातली किल्ली

मित्रांनो, मी एक जुना भोंगा आहे. युटामधल्या अल्मा स्प्रिंग्ज गावात, अग्निशामक ठाण्याच्या छपरावर बसून बसून मला गंज चढला आहे आणि माझ्या पोटात पारव्यांनी संसार थाटला आहे. पण आठवण मात्र गंजलेली नाही. पुढच्या महिन्यात मला खाली उतरवणार आहेत, पिवळा रंग देऊन बागेत ठेवणार आहेत आणि माझ्या छातीवर डेल्मर क्रिडलच्या नावाची पितळी पाटी ठोकणार आहेत. म्हणून आजच बोलून घेतो. म्हाताऱ्या भोंग्याने क्षमा शिकवावी अशी तुमची अपेक्षा असेल, तर दुसरे दार बघा.

माझा जन्म दूर पूर्वेकडच्या एका कारखान्यात झाला. मोटार अशी दमदार की चाचणीच्या दिवशी कारकुनांनी खिडक्या लावून घेतल्या. त्या काळी रशियाचा बॉम्ब कधी डोक्यावर पडेल याची साऱ्या देशाला धास्ती होती आणि गावोगाव माझी भावंडे बसवली जात होती. मला आगगाडीने आणले. शाळेच्या बँडने बेसूर का होईना, पण मनापासून वाजवून माझे स्वागत केले. मी फार सुखावलो होतो.

माझी भाषा सोपी होती. लांब, एकसुरी आवाज म्हणजे रेडिओ लावा. खालीवर होणारा आवाज म्हणजे असाल तसे पळा. पळायचे ते चर्चच्या तळघरात. तिथे गावच्या बायकांनी वर्षभराचे गहू आणि पीचच्या बरण्या भरून ठेवलेल्या असत, कारण संकटाआधी कोठार भरायचे ही आमच्या लोकांची रीतच आहे. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी कवायत होई. डेल्मर क्रिडल हा बियाण्यांचा व्यापारी नागरी संरक्षणाचा प्रमुख होता. पांढरे शिरस्त्राण घालून तो तळघराच्या दारात उभा राही आणि बजावी, "एकदा दार लागलं की लागलं! भोंगा थांबेपर्यंत उघडायचं नाही. मग बाहेर खुद्द बिशप का बोंबलेना!"

मला वाजवी ती नेड्रा. ती खाली ठाण्यातच टेलिफोन जोडून देण्याचे काम करी. नवरा कोरियाच्या लढाईतून परतला नव्हता. घरात ती आणि सात वर्षांची ज्युएल, दोघीच. माझ्या कळीच्या पेटीची किल्ली नेड्राच्या खुर्चीमागे खिळ्याला टांगलेली असे. मी वाजलो की शाळेच्या रांगेत ज्युएल मैत्रिणींना ऐटीत सांगे, "ए, घाबरू नका गं. ती माझी आई ओरडतेय." तेव्हापासून मी स्वतःला नेड्राचाच आवाज समजू लागलो.

आता मुख्य गोष्ट. पलीकडे नेवाडाच्या वाळवंटात आमचेच सरकार बॉम्ब फोडून बघत असे. पहाटे आमचे लोक थर्मासमध्ये गरम कोको घेऊन टेकडीवर जात आणि तो लखलखाट बघून टाळ्या वाजवत. भीती होती ती रशियाच्या बॉम्बची. आपल्या बॉम्बची कसली भीती? कुंपणच शेत खाईल असे त्या भाबड्या माणसांच्या मनातही आले नाही.

एका वर्षी मे महिन्यातल्या कवायतीच्या सोमवारी पहाटे असाच लखलखाट झाला. शाळा भरल्यावर टेकडीमागून राखाडी-गुलाबी ढग वर आला. तो मला सगळ्यांत आधी दिसला. इतक्यात क्रिडल धापा टाकत ठाण्यात शिरला. त्याला चाचणीवाल्या साहेबांचा फोन आला होता.

"नेड्राताई, आज भोंगा नको."

"का हो, भाऊ? आज कवायतीचा सोमवार. पोरं रांगेत उभी असतील."

"आज वाजवलास तर लोकांना खरंच वाटेल ना!"

"मग वाटू दे की! आभाळ बघा कसलं झालंय ते."

"अगं, आपलीच धूळ आहे ती. साहेब म्हणाले, धोका काही नाही, फक्त लोक बिथरता कामा नयेत. रशियाची असती तर मी स्वतः वाजवला असता."

"धुळीला काय कळतंय भाऊ, कोण आपलं अन् कोण परकं?"

"तू टेलिफोन बघ. आभाळ बघायला मी आहे." असे म्हणून त्याने खिळ्यावरची किल्ली काढली आणि खिशात टाकली.

नेड्राने लगेच शाळेत फोन लावला. हेडमास्तर म्हणाले, "ताई, भाऊंनी आधीच कळवलंय. कवायत रद्द. मुलांना खेळायला सोडलंय बाहेर."

मित्रांनो, नीट ऐका. मला वेगळे काहीच करायचे नव्हते. नेहमीसारखी खोटी कवायत झाली असती, तरी पोरे तळघरात गेली असती. मी छपरावर मुका बसलो आणि खाली मैदानावर राख उतरली. मे महिन्यात बर्फ पडला म्हणून मुले नाचली. गाड्यांच्या टपांवर त्यांनी बोटाने नावे लिहिली. ज्युएलने ओंजळ भरून राख केसांवर उधळली आणि नवरीसारखी मिरवली.

त्या उन्हाळ्यात डोंगरावरची मेंढरे पटापट मेली. दुसऱ्या वर्षी ज्युएलच्या नाकातून रक्त येऊ लागले, ते थांबेना. डॉक्टरांनी रक्ताचा कर्करोग सांगितला. ती गेली तेव्हा रीतीप्रमाणे घरोघरून चीज घातलेल्या बटाट्यांची भांडी आली. सर्वांत मोठे भांडे क्रिडलचे होते.

"देवाची इच्छा, ताई," तो म्हणाला.

नेड्राने भांडे घेतले नाही. तिने एवढेच विचारले, "भाऊ, किल्ली अजून तुमच्याकडेच आहे?"

"ही काय!" त्याने खिसा थोपटला. कवायतीला पेटी तो स्वतः उघडी आणि संपताच स्वतः बंद करी.

पुढे जुलैत आमच्या पूर्वजांच्या युटातल्या आगमनाचा सण आला. मिरवणूक निघाली, कलिंगडे फुटली आणि क्रिडलचा सत्कार ठरला. कशाबद्दल, तर अवघड काळात त्याने गावाची घबराट होऊ दिली नाही! भाषणाच्या शेवटी माझी सलामी हवी होती, आणि तो तर मंचावर असणार. म्हणून त्याने आपल्या हाताने नेड्राला किल्ली दिली. "माझं झालं की वाजव हं. लांब, एकसुरी."

तो उभा राहिला, घसा खाकरला, "बंधूंनो आणि भगिनींनो—" म्हणाला, आणि नेड्राने कळ ओढली. खालीवर, खालीवर! मी असा कधीच ओरडलो नव्हतो. वर्षानुवर्षे शिकवलेले गाव क्षणात उठले. पोरे काखोटीला मारून सगळे तळघरात गेले आणि दार लागले.

"काही नाही! धोका नाही!" क्रिडल मंचावरून किंचाळत होता. मी त्याला ऐकू जाऊ देतो की काय! मग त्याने आभाळाकडे पाहिले. ते निळेभोर होते, तरी तो पळाला आणि दार बडवू लागला.

"उघडा! मी आहे, डेल्मर!"

आतून म्हातारा लोहार ओरडला, "भाऊ, नियम तुमचाच. भोंगा थांबेपर्यंत नाही!"

नेड्रा थांबली नाही. मोटार तापली, तारा जळू लागल्या, मलाही थांबायचे नव्हते. आणि तळघराच्या जमिनीलगतच्या खिडक्यांतून अख्ख्या गावाने पाहिले: स्वच्छ उन्हात उभा राहून क्रिडल आपले खांदे झटकत होता. केस झटकत होता, बाह्या झटकत होता, टाचा आपटून बूट झटकत होता. त्या राखेत काय असते हे ज्याला ठाऊक नसते तो कशाला झटकेल? त्याला त्या सोमवारीही ठाऊक होते. माझी मोटार जळून मी गप्प झालो, तेव्हा दार उघडून लोक एकेक करून बाहेर आले आणि त्याच्याकडे न बघता घरी गेले.

नेड्राची नोकरी गेली. किल्ली तिने विहिरीत टाकली. क्रिडलचे दुकान कुणी बंद पाडले नाही, पण तिथून बियाणे घ्यायचे गावाने सोडले, आणि मरेपर्यंत तो चारचौघांत बाही झटकताना दिसला की पोरे हसत. मी वरून ते सगळे पाहिले. मला बरे वाटले, आजही वाटते.

आता ती माणसे मेली, नवी आली, आणि नव्यांना पाटी लावायची आहे. मित्रांनो, माझी विनंती ऐका. मला रंग नको, तेल नको. पाटी लावायचीच असेल तर तिच्यावर ज्युएलचे नाव घाला. क्रिडलचे घालाल, तर पहिल्या वादळात मी चौथऱ्यावरून कोसळेन, आणि कोसळताना पाटीची बाजू खाली धरीन. आणि तुमच्या गावात माझा एखादा भाऊ छपरावर असेल, तर त्याला घासूनपुसून चमकवत बसू नका. आधी त्याची किल्ली कुणाच्या खिशात आहे ते शोधा, आणि ती काढून घ्या.