मुक्या माराचा नियम

दूत मेला, तेव्हा टेबलाभोवती बसलेले आम्ही चौघेही जवळजवळ एकदमच म्हणालो, "मी पांढरं टाकलं होतं."

चष्मेवाल्या काकांच्या चेहऱ्यावर काहीच दिसलं नाही. डोळे तपासताना समोरच्याने अक्षर बरोबर वाचलं की चूक हे त्याला कळू द्यायचं नसतं. ही सवय त्यांच्या चेहऱ्यात इतकी मुरली आहे, की खेळातही त्यांच्याकडे बघून काही हाती लागत नाही. चौघांच्या बटणांच्या डब्या त्यांनी मिटून परत दिल्या आणि म्हणाले, "दूत मेला. आता काय करता?"

दर रविवारी दुपारी काकांचं दुकान बंद असतं, तेव्हा मागच्या तपासणीच्या खोलीत आम्ही खेळतो. काका गोष्ट सांगतात. गोष्टीतल्या आपापल्या पात्राने काय केलं ते आम्ही सांगतो आणि ते साधलं की नाही हे फासे ठरवतात. माझं पात्र म्हणजे सुरी बाळगणारी चोर. माझा मोठा भाऊ, दादा, लिफ्ट दुरुस्त करतो. खेळात तो हातोडेवाला लोहार आहे. नर्सताई दिवसभर इस्पितळात माणसं जगवतात आणि इथे गदा घेऊन सुटतात. चौथा वकील. तो वकील नाही, पोहायला शिकवतो, पण नियमाचा शब्द न शब्द धरून भांडतो म्हणून हे नाव. मला सगळे धाकटी म्हणतात. नोकरीसाठी या गावात येऊन, दादा-वहिनींकडे राहायला लागून मला वर्षच होतंय. रविवारचं हे टेबल सोडलं तर इथे माझं म्हणावं असं कोणी नाही.

मारामारीचा आमच्या टेबलाचा एक स्वतःचा नियम आहे. हाणण्याआधी प्रत्येकाने आपल्या चष्म्याच्या डबीत गुपचूप एक बटण टाकायचं. काळं म्हणजे घाव, जिवावरचा. पांढरं म्हणजे मुका मार: तलवारीची सपाट बाजू, सुरीची मूठ, माणूस बेशुद्ध पडेल इतपत. डब्या काका एकटेच उघडतात. घाव आणि मुका मार यांची बेरीज वेगवेगळी होते: पहिली भरली की माणूस मरतो, दुसरी भरली की नुसता बेशुद्ध पडतो. फासे पडल्यावर "मला मारायचंच नव्हतं" म्हणून कोणी पलटू नये, आणि शेजाऱ्याच्या डोळ्यांचा धाक घेऊन कोणी बटण बदलू नये, म्हणून ही गुप्तता.

तो दूत आम्हाला जिवंत हवा होता. आमच्यातला एकजण फितूर होता. गोष्ट सुरू करताना काकांनी प्रत्येकाला पुढच्या दुकानात नेऊन कानात काहीतरी सांगितलं होतं. मला म्हणाले होते, "तू फितूर नाहीस." कोणा एकाला "तू आहेस" म्हणाले असणार. तो कोण, हे फक्त दूताला माहीत होतं. आम्ही चौघांनी त्याला हाणलं, तो पडला, नाटक करतोय असं कोणीतरी म्हणालं, हसाहशी झाली, दादाने आणखी एक टोला दिला, आणि काकांनी दूत मेला म्हणून सांगितलं.

"चारही बटणं पांढरी असतील तर माणूस मरतो कसा?" वकील म्हणाला. "कोणीतरी खोटं बोलतंय. काळं टाकणारा तोच फितूर."

"मग तूच सांग, तू काय टाकलंस," नर्सताई म्हणाल्या.

"पांढरं! माझी तलवार सपाट फिरवली मी. पण धाकटे, तुझी सुरी. सुरीने मुका मार कसा देतेस गं तू?"

"मुठीने."

"मुठीने," त्याने दादाकडे बघून माझी नक्कल केली. "एवढीशी सुरी, तिची एवढीशी मूठ, आणि माणूस आडवा!"

दादा हसला. ते हसणं मला आवडलं नाही.

मत पुढच्या रविवारी द्यायचं ठरलं. ज्याच्यावर जास्त मतं पडतील त्याचं पात्र हाकलायचं आणि ही गोष्ट संपेपर्यंत त्या माणसाने टेबलाशी यायचं नाही, हा जुना दंडक. तो खरंच फितूर होता की नाही, हेही काका शेवटीच सांगणार. मागची गोष्ट वर्षभर चालली होती म्हणे. म्हणजे माझे रविवार वर्षभरासाठी पणाला लागले होते, आणि वकिलाचं बोट माझ्याकडे होतं.

सोमवारपासून दादा माझ्याशी फार चांगलं वागायला लागला. दोरीवरचे माझे कपडे त्याने न सांगता आत आणले. बाथरूममध्ये आधी मला जाऊ दिलं. हे दोन्ही त्याने जन्मात कधी केलं नव्हतं.

"काय झालंय रे तुला?" वहिनीने विचारलं.

"कुठे काय? बहीण आहे माझी."

"ती गेली सव्वीस वर्षं बहीणच आहे," वहिनी म्हणाली. "आजच काय विशेष?"

रात्री जेवताना तो हळूच म्हणाला, "हे बघ, तू फार मनाला लावून घेऊ नकोस. बाहेर बसावं लागलं तरी काय एवढं? मी तुला दर रविवारी घरी येऊन सगळं सांगेन."

"मी बाहेर बसणार हे तू धरूनच चाललायस?"

"तसं नाही गं."

"मग कसं?"

"अगं, भाजी घे," तो म्हणाला.

माझं काम प्रयोगशाळेत वजनकाटे तपासण्याचं आहे. चार काटे एकाच वजनाला चार आकडे दाखवायला लागले तर आपण काट्यांवर संशय घेतो. पण चारही काटे एकच आकडा दाखवतात आणि तो आकडा आपल्याला पटत नाही, तेव्हा काटे बाजूला ठेवून वजन तपासायचं असतं. बुधवारी काम करताना मला हे सुचलं आणि हात थांबला. चौघेही पांढरं म्हणत होते. चौघेही खरं बोलत असतील तर?

संध्याकाळी मी इस्पितळात नर्सताईंना गाठलं. त्या ड्यूटी संपवून बूट बदलत होत्या.

"ताई, मुक्या माराने माणूस मरतो का?"

"न मरायला काय झालं? आतून रक्तस्राव होतो. वरून नुसतं काळंनिळं दिसतं." बुटाची नाडी त्यांनी अर्धवटच सोडली. "अगं, थांब. आपल्याकडे तसा नियमच आहे! तू यायच्या आधीचा. मीच करायला लावला होता. तुझा भाऊ एका पहारेकऱ्याला बांधून घालून हातोड्याच्या दांड्याने बडवत सुटला होता, पांढरं बटण आहे ना, मग काय होतंय म्हणून. मी म्हटलं, उशीने मारलं तरी किती मारशील? तेव्हापासून बेशुद्ध पडल्यावरचा मुका मार घाव म्हणून धरायचा ठरलं. पण पडलेल्याला नंतर कोणी मारलंच नाही, म्हणून सगळे विसरले."

"सगळे?"

"मी तरी विसरले होते," त्या म्हणाल्या. मग उरलेली नाडी सोडत, "दूत पडल्यावर कोणी मारलं गं त्याला?"

आम्हा दोघींनाही माहीत होतं कोणी मारलं ते.

घरी जाताना मी सगळं पुन्हा तपासून पाहिलं. तो नियम ज्याच्यामुळे झाला, त्याला तो आठवणार नाही? पांढरं बटण टाकून, सगळ्यांच्या देखत, हसत हसत खून करता येतो, आणि आळ मात्र सुरीवाल्या धाकट्या बहिणीवर येतो. मग तिचे कपडे दोरीवरून आणून द्यायचे. दार दादाने उघडलं. "उशीर झाला?" त्याने विचारलं. "काम होतं," मी म्हणाले. बाकीचा आठवडा मी त्याच्याशी कामापुरतंच बोलले. तोही माझ्याकडे चोरून बघत होता, असं मला तेव्हा वाटलं.

रविवारी वकिलाने बसल्या बसल्या मत मागितलं.

"आधी मला एक करायचंय," मी म्हणाले. "काका, मी दूताचं प्रेत तपासते."

काका पहिल्यांदाच हसले. "आठवडाभर वाट बघतोय. तुम्ही चौघं एकमेकांना तपासत बसलात, मेलेल्याकडे कोणी बघितलंच नाही. अंगावर एकही घाव नाही. सगळं अंग काळंनिळं आहे."

वकिलाने खुर्ची मागे सरकवली. "एकही नाही? म्हणजे काळं बटण कोणीच टाकलं नाही?"

मग मी जुना नियम सांगितला. वकिलाने कपाळावर हात मारून घेतला. नियम विसरल्याचं त्याला माझ्यावर खोटा आळ घेतल्यापेक्षा जास्त लागलं. "बरोबर आहे! होता तसा नियम. म्हणजे पहिल्या चार टोल्यांनी तो बेशुद्ध पडला, आणि मेला तो..."

तिघांनीही दादाकडे पाहिलं.

"अरे, मला काय ठाऊक?" दादा म्हणाला. "कोणाच्या लक्षात आहे तो नियम?"

"तुझ्यामुळेच तर केला होता," नर्सताई हळुवारपणे म्हणाल्या.

"हो, पण... धाकटे, तुला तरी पटतंय का हे?"

मतं झाली. नर्सताईंनी दादाचं नाव घेतलं, वकिलानेही. दादाने कोणाचंच घेतलं नाही. शेवटी माझी पाळी आली, तेव्हा निकाल लागलेलाच होता. माझ्या मताने फरक पडणार नव्हता.

"दादा," मी म्हणाले.

त्याने आपले फासे गोळा केले, पिशवीत घातले आणि सगळ्यांना "खेळा" म्हणून तो गेला. नर्सताईंनी माझ्या पाठीवर हात ठेवला. "वाईट वाटून घेऊ नकोस. डोकं चालवलंस तू."

मला वाईट वाटत नव्हतं. टेबलाशी माझी जागा राहिली होती, आणि ती मी पुरावा मांडून राखली होती. त्या दुपारी आम्ही तिघांनी पुढचा बेत ठरवला: घाटातली वाट सोडायची आणि नदीकाठच्या पडक्या गिरणीत लपायचं. पुढच्या रविवारी तिथे पोहोचायचं होतं.

घरी दादा एवढंच म्हणाला, "मी फितूर नव्हतो." वहिनी म्हणाली, "हे काय, मी समजत होते तुम्ही सोंगट्या खेळता." तो माझ्यावर राग दाखवत नव्हता. तो वागत होता नेहमीसारखा, आणि कपडे आता माझे मीच आणत होते, त्यामुळे माझी खात्री आणखीच पक्की झाली. काम झालं, चांगुलपणा संपला.

पुढच्या रविवारी आम्ही गिरणीत शिरलो. काकांनी दिवा खाली केला आणि म्हणाले, "आत शत्रूचे लोक बसलेत. ते तुमचीच वाट बघत होते."

"शक्य नाही," वकील म्हणाला. "गिरणीचं आपण तिघांनीच ठरवलं. कोणालाच माहीत..." आणि तो मध्येच थांबला.

कोणालाच माहीत नव्हतं, दादालाही नाही. गिरणीचं ठरलं तेव्हा तो रस्त्यात होता. वकिलाने माझ्याकडे पाहिलं, मी वकिलाकडे. नर्सताई शांतपणे फासे चोळत होत्या. मग आम्ही दोघांनी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी एकदा त्याच्याकडे आणि एकदा माझ्याकडे पाहिलं, दोघांनाही सारख्याच संशयाने.

संध्याकाळी मी घरी आले तेव्हा दादा स्वयंपाकघरात पंख्याचं बटण उघडून बसला होता. बाहेरच्याला खेळातलं सांगायचं नाही असाही आमचा दंडक आहे. मी तो मोडला.

"गिरणीत शत्रू होते," मी म्हणाले. "तू गेल्यावर ठरलेली जागा."

त्याने स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला.

"दादा, दूत पडल्यावर नाटक करतोय असं कोण म्हणालं होतं?"

"ताई," तो लगेच म्हणाला. "पापण्या हलताहेत म्हणाल्या, एक देऊन टाक म्हणाल्या. नर्स म्हणतेय बेशुद्ध नाही, तर मी कोण शहाणा? तुला आठवत नाही? तूच सगळ्यात जोरात हसलीस."

मला आता आठवलं. आठवलं तरी त्या हसण्यात मी ते ऐकलं होतं की दादाने सांगितल्यावर ते मला ऐकू यायला लागलं, हे सांगता येईना. नियमाची आठवण करून देणाऱ्याही ताईच होत्या. दूताचं शरीर सोडून मी काय तपासलं होतं? त्यांनी दिलेलं वजन मी काट्यावर ठेवलं आणि आकडा वाचला.

"मग कपडे का आणून देत होतास?" मी विचारलं. "आणि ते बाहेर बसायचं बोलणं?"

"तू जाशील असं वाटत होतं. वकील हट्टाला पेटला होता. तुझं इथे दुसरं कोणी नाही, मला काय ते दिसत नाही का?" तो पुन्हा पंख्याच्या बटणाकडे वळला. "मत द्यायच्या आधी एकदा विचारायचंस मला. आठवडाभर एका घरात राहत होतीस."

"विचारलं असतं तर काय म्हणाला असतास?"

"खरं तेच. मी नाही म्हणून."

"फितूरही तेच म्हणाला असता."

"हो," दादा म्हणाला. त्याने स्क्रू पिळला, बटण दाबून पाहिलं, पंखा फिरला नाही. "पण तू कधी विचारशील याची फितुराने वाट बघितली नसती. मी रोज बघत होतो."

मी त्याच्यासमोर स्टूल ओढून बसले. टॉर्च त्याच्या हातावर धरला. जरा वेळाने त्याने माझं मनगट धरून उजेड हवा तिथे वळवला, आणि पुढच्या रविवारी ताईंना कसं पकडायचं, असं विचारलं.

मी त्याला सांगायला लागले.