हिरवं घर, लाल लायब्ररी

कॉम्प्युटरला टाइप करून हुकूम द्यायच्या खिडकीत, म्हणजे टर्मिनलमध्ये, कमांड लिहिण्याआधी जो मजकूर आपोआप उमटतो, त्याला प्रॉम्प्ट म्हणतात. आमच्या ताईचा प्रॉम्प्ट मारुतीच्या शेपटासारखा लांबला होता. तारीख, वेळ, तिचं नाव, मशीनचं नाव, फोल्डरचा अख्खा पत्ता! बिचारी कमांड अर्धी खालच्या ओळीत जाऊन पडायची.

"मी आटोपशीर करून देऊ?" मी विचारलं.

"दे. पण एका दिवसात आवडला नाही, तर पुन्हा माझ्या कॉम्प्युटरला हात लावायचा नाही."

झालं, माझी इज्जत पणाला लागली! मी तारीख-वेळ उडवली, पत्त्यातलं फक्त शेवटचं फोल्डर ठेवलं. ताई घरून याच टर्मिनलमधून लायब्ररीच्या सर्व्हरवर, म्हणजे वेबसाइट ठेवलेल्या तिथल्या कॉम्प्युटरवर, शिरून वेबसाइट सांभाळते, म्हणून मशीनचं नाव मात्र दोन्हीकडे ठेवलं: घरचं हिरवं, लायब्ररीच्या सर्व्हरचं लालभडक.

"किती भुंडं दिसतंय गं!" ताई करवादली.

दुपारी ती मैत्रिणीशी फोनवर गप्पा मारत घरच्या कॉम्प्युटरवरचं 'फोटो' फोल्डर उडवायला बसली. कमांड लिहून झाली, बोट एंटरवर गेलं, आणि ती किंचाळलीच.

"अगं बाई, लाल!"

सकाळी ती लायब्ररीच्या सर्व्हरवर शिरली होती, ती बाहेर पडायलाच विसरली होती. तिथेही 'फोटो' फोल्डर आहे आणि वेबसाइटची सगळी चित्रं त्यातच!

तिने घाईघाईने कमांड खोडली. मला हसू आवरेना.

"हसू नकोस, शहाणे," ती म्हणाली आणि खुर्चीवरून उठली. "बस इथे. माझ्या लॅपटॉपवरही हेच लावून दे."